आईला दोष देण्याआधी लेकराकडे नीट बघा

वस्तीत घरोघरी फिरताना एक प्रश्न आम्हाला नेहमी ऐकायला मिळतो. "सिस्टर, पोरगं तीन वर्षांचं झालं, अजून बोलत नाही. हाक मारली तरी वळून बघत नाही. पण टीव्हीवर जाहिरात लागली की लांबून धावत येतं. म्हणजे कान तर चांगले आहेत. मग हे काय असेल?"

प्रश्न आईचा असतो. तिच्या मागे उभ्या असलेल्या चार माणसांकडे उत्तर आधीच तयार असते. सासू म्हणते, हिने पोटुशी असताना ग्रहण पाळले नाही. शेजारीण म्हणते, बाहेरचे काहीतरी असेल, एकदा दाखवून आणा. नवरा म्हणतो, ही दिवसभर त्याच्या हातात मोबाईल देते. आणि चार बुके शिकलेला दीर म्हणतो, आईच पोराशी बोलत नाही, मग ते बोलणार कसे?

उत्तरे चार, पण गुन्हेगार एकच. आई.

आम्ही हे दुसऱ्यांकडे बोट दाखवण्यासाठी लिहीत नाही. जीएनएमची पदविका घेऊन रुग्णालयात नोकरीला लागलो, त्या काळात यातले शेवटचे उत्तर आम्हीसुद्धा दिले आहे. चार घरची धुणीभांडी करणारी एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली होती. मुलगा बाकड्यावर बसून पाण्याच्या बाटल्यांची झाकणे एका ओळीत लावत होता. एकही झाकण वाकडे नाही. आम्ही तिला म्हणालो, "ताई, त्याच्याशी बोलत जा, त्याला वेळ दे, मग बोलेल तो." तिने मान डोलावली. पुढे कळले की तिने दोन घरची कामे सोडली आणि दिवसभर त्याच्यासमोर बसून बोलत राहिली. पोरगा बोलला नाही. घरातली कमाई निम्मी झाली आणि 'माझ्यातच काहीतरी कमी आहे' हा घोर तिच्या मनात कायमचा बसला. तो आम्ही बसवला होता.

त्या मुलाला ऑटिझम होता. आमच्या सल्ल्याला कसलाही आधार नव्हता. तो सल्ला कुठून आला आणि तो खोटा कसा ठरला, हे आज सांगायचे आहे.

दोष देण्याचा शिकलेला प्रकार

१९४३ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात लिओ कॅनर नावाच्या बालमानसोपचार डॉक्टरांनी ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. माणसांत न रमणारी, ठरलेल्या गोष्टीत जराही बदल न चालणारी ही मुले. ही मुले जन्मापासूनच अशी असावीत, असेही त्यांनी लिहिले. पण त्यांच्याकडे आलेले आईबाप बहुतेक उच्चशिक्षित होते आणि ते मुलांशी कोरडेपणाने वागतात, अशीही नोंद त्यांनी केली. लोकांनी नेमके तेवढेच उचलले. पुढची वीस-पंचवीस वर्षे 'फ्रीजसारखी थंड आई' हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी राहिला. १९६७ साली ब्रूनो बेटलहाइम यांच्या पुस्तकाने हा विचार घराघरांत नेला. पुरावा कोणाकडेच नव्हता.

म्हणजे ग्रहणाचे कारण देणारी आपली सासू आणि थंड आईचे कारण देणारा तिकडचा डॉक्टर यांच्यात फरक फक्त भाषेचा. दोघांनीही मुलाकडे पाहिले नाही. दोघांनीही बाईकडे बोट केले.

एका विद्यार्थिनीने प्रश्न बदलला

बाबासाहेबांनी ज्या लंडनमध्ये १९२३ साली डी.एस्सी. मिळवली, त्याच शहरात साधारण चाळीस वर्षांनी ऊटा फ्रिथ नावाची एक जर्मन तरुणी शिकायला आली. मॉड्स्ली रुग्णालयाशी जोडलेल्या मानसोपचार संस्थेत तिने ऑटिझम असलेली मुले पाहिली आणि पीएच.डी.साठी तोच विषय घेतला. १९६८ साली तिची पीएच.डी. पूर्ण झाली.

तिचे मार्गदर्शक बेआटे हर्मेलिन आणि नील ओकॉनर यांनी एक साधा प्रयोग केला होता. मुलांना काही शब्द वाचून दाखवायचे आणि किती आठवतात ते बघायचे. कधी शब्द वाक्यासारखे जुळलेले, कधी नुसते विस्कटलेले. इतर मुलांना वाक्य पटकन आठवते, विस्कटलेले शब्द आठवत नाहीत. ऑटिझमच्या मुलांमध्ये हा फरक बराच कमी निघाला. शब्द त्यांच्या लक्षात राहत होते, पण अर्थाचा जो धागा इतरांना मदत करतो तो त्यांना तेवढी मदत करत नव्हता.

फ्रिथबाईंनी हाच धागा पुढे नेला. शब्दांच्या आणि रंगांच्या माळा मुलांसमोर ठेवून त्यातला क्रम मुले कशी पकडतात हे त्यांनी पाहिले. इतर मुले समोरच्या माळेतला नियम शोधत. ऑटिझमची मुले बहुतेक वेळा स्वतःचा एखादा सोपा नियम लावत. म्हणजे ती रिकामी बसलेली नव्हती. त्यांचे डोके काम करत होते, पण वेगळ्या रीतीने.

आम्हाला यातली मोठी गोष्ट वाटते ती प्रश्नाची. 'आईने काय चूक केली?' हा प्रश्न या अभ्यासात नव्हताच. 'ऐकलेल्या आणि पाहिलेल्या गोष्टीचे हे मूल डोक्यात काय करते?' हा प्रश्न होता. मुलासमोर बसायचे, बघायचे, मोजायचे, लिहून ठेवायचे. तथागतांनी 'या आणि स्वतः पाहा' असे सांगितले ते याहून काय वेगळे आहे?

पुढे फ्रिथबाई स्वतः मार्गदर्शक झाल्या. त्यांची विद्यार्थिनी अमिता शाह हिने मुलांना चित्रे दिली. मोठ्या चित्रात एक छोटा आकार लपलेला, तो शोधायचा. समजा बाबागाडीचे चित्र आहे आणि त्यात एक त्रिकोण दडला आहे. आपल्याला आधी बाबागाडी दिसते, त्रिकोण दिसायला वेळ लागतो. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ऑटिझमच्या मुलांनी हे काम बरोबरीच्या इतर मुलांपेक्षा सरस केले. आमच्या बाकड्यावरच्या मुलाची झाकणे आम्हाला तेव्हा नीट दिसली असती, तर त्याला 'वेडगळ खेळ' म्हणण्याचे पाप घडले नसते.

दोन बाहुल्यांची गोष्ट

त्यांचा दुसरा विद्यार्थी सायमन बॅरन-कोहेन. त्याने ॲलन लेस्ली आणि फ्रिथबाई यांच्याबरोबर केलेला प्रयोग १९८५ साली प्रसिद्ध झाला. तो इतका सोपा आहे की कोणालाही समजेल.

सॅली आणि ॲन या दोन बाहुल्या. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवते आणि बाहेर जाते. ती नसताना ॲन गोटी काढून डब्यात ठेवते. सॅली परत येते. ती गोटी कुठे शोधेल?

तुम्ही म्हणाल, टोपलीत, कारण तिला बिचारीला काय माहीत. २७ लहान मुलांपैकी २३ जणांनी हेच उत्तर दिले. डाउन सिंड्रोम असलेल्या १४ मुलांपैकी १२ जणांनी दिले. ऑटिझमच्या २० मुलांपैकी मात्र १६ जणांनी गोटी खरोखर होती त्या डब्याकडे बोट दाखवले. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळी समजूत असू शकते, हे ताडणे त्यांना अवघड जात होते. डाउन सिंड्रोमच्या मुलांचे बौद्धिक वय या मुलांपेक्षा कमी होते, तरी त्यांना ते जमले. म्हणजे हा 'बुद्धी कमी' असल्याचा प्रश्न नव्हता.

घरात याचा अर्थ काय? पोरगे तुमचा हात ओढत माठाकडे नेते, पण 'पाणी' म्हणत नाही. आपण म्हणतो, हट्टी आहे, मुद्दाम करतो. त्याला हवे ते तुम्हाला सांगावे लागते, हेच कदाचित त्याच्या ध्यानात आलेले नसेल. अशा मुलाला फटका मारून काय शिकवणार?

पण हेही शेवटचे सत्य नव्हते. २० पैकी ४ मुलांनी बरोबर उत्तर दिलेच होते. पुढे ऑटिझम असलेली मोठी माणसे स्वतः बोलू लागली. 'आम्हाला दुसऱ्याचे मन कळत नाही असे म्हणता, मग तुम्हाला आमचे कुठे कळते?' असा त्यांचा रोख होता. इंग्लंडमधील डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिझम असलेले समाजशास्त्रज्ञ. त्यांनी २०१२ साली मांडले की ही अडचण दोन्ही बाजूंची आहे. २०२० साली कॅथरिन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासले. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगत जायची. सगळे ऑटिझमचे असले तर गोष्ट तितकीच नीट पोचली, जितकी इतरांच्या साखळीत पोचते. दोन्ही प्रकारची माणसे मिसळली तेव्हा मात्र ती जास्त गळत गेली.

आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्याविषयी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी लिहिले. आपण लिहू लागलो तेव्हा चित्र बदलले. म्हणूनच 'स्वमग्नता' हा मराठीत रुळलेला शब्द आम्हाला खटकतो. मूल स्वतःतच बुडालेले आहे असा शिक्का त्यात आहे. आम्ही ऑटिझम म्हणतो, तुम्हीही म्हणा.

मेंदूचे म्हणाल तर

ऑटिझमची सुरुवात बाळ पोटात असताना, मेंदू घडत असतानाच होते. १९७७ साली सुझन फॉल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांचा अभ्यास केला. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुलांना ऑटिझम होता. वेगवेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे नव्हते. दोन्ही प्रकारच्या जोड्यांत भावंडे एकाच आईच्या हाताखाली वाढलेली. मग फरक आईच्या वागण्याने कसा पडेल? यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे त्यानंतरच्या अभ्यासांनी पक्के केले. त्यात एक जनुक नाही, अनेक आहेत, आणि ती आईकडून आली की बापाकडून, हा भांडणाचा विषय नाही.

ऑटिझम ओळखणारी रक्ताची तपासणी नाही. एमआरआयमध्येही तो दिसत नाही. मूल कसे वागते, खेळते, संवाद साधते हे पाहूनच निदान होते. 'मेंदूचा फोटो काढा, स्टेम सेलचे इंजेक्शन घ्या, मूल बरे होईल' असे सांगून पैसे काढणाऱ्यांपासून सावध राहा. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. बचत गटाचे कर्ज त्यात घालू नका.

लस दिल्याने ऑटिझम होतो हीही अफवाच. १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरने १२ मुलांवरून ती उठवली. तो लेख मासिकाने २०१० साली मागे घेतला आणि त्या डॉक्टरचे नाव नोंदणीतून काढले गेले. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. लसीचा आणि ऑटिझमचा संबंध आढळला नाही. गोवराचा आणि मृत्यूचा संबंध मात्र आपण जवळून पाहिला आहे. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांमध्ये गोवराची साथ आली, लेकरे दगावली. थोरल्याला ऑटिझम आहे म्हणून धाकट्याची लस चुकवू नका.

हा श्रीमंतांचा आजार नाही

कॅनर यांच्याकडची मुले शिकलेल्या घरांतली होती, म्हणून बरीच वर्षे हा वरच्या वर्गाचा आजार समजला गेला. लोर्ना विंग या लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ, आणि ऑटिझम असलेल्या मुलीच्या आई. त्यांनी ज्युडिथ गोल्ड यांच्यासोबत कँबरवेल या भागातली मुले शोधून काढली आणि १९७९ साली निष्कर्ष मांडले. दवाखान्याच्या दारात कोण येते एवढेच न पाहता त्यांनी अख्खा भाग तपासला. ऑटिझम सगळ्या थरांत निघाला. मोठ्या डॉक्टरपर्यंत कोण पोचू शकतो, यावरून तो श्रीमंतांचा वाटत होता, इतकेच.

हेच आज आपल्याकडे चालू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ साली जगात साधारण दर १२७ माणसांमागे एकाला ऑटिझम होता. मग हजार घरांच्या वस्तीत असे कोणीच नाही, हे कसे शक्य आहे? ती मुले आहेत. 'येडं', 'मुकं', 'बाधलेलं' या नावांखाली आहेत. निदान होत नाही म्हणून त्यांची मोजणी नाही, आणि मोजणी नाही म्हणून त्यांच्या वाट्याला काहीच येत नाही.

आपल्या घरातली अडचण

आता थोडे कडू बोलतो. आपल्या काही घरांत सकाळी बुद्धवंदना होते आणि पोराच्या दंडाला ताईतही असतो. 'मागच्या जन्मीचे भोग' हे शब्द आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहेत. मागील जन्माच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते, ही कल्पना बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तपासून नाकारली. ज्या कल्पनेने आपल्याला अस्पृश्य ठरवले, तीच आपण आपल्या लेकराच्या डोक्यावर ठेवायची?

आणि जयंतीचा डीजे. ऑटिझमच्या कित्येक मुलांना मोठा आवाज अक्षरशः सोसत नाही. चौकात भिंतीएवढे स्पीकर लागतात तेव्हा असे एखादे पोर माळ्यावर कान दाबून बसलेले असते. त्याची आई विहारात यायची बंद होते, कारण पोर किंचाळले की सगळे वळून तिच्याकडे बघतात. विहाराच्या कमिटीने एक स्पीकर कमी केला, आणि त्या आईला 'ताई, तो फिरू दे, आम्हाला त्रास नाही' एवढे म्हटले, तर करुणा हा शब्द नुसता भाषणात राहणार नाही.

काय करायचे

मूल वर्षाचे होऊनही हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचे होऊनही बोट करून काही दाखवत नसेल, येत असलेले शब्द बोलायचे थांबले असेल, तर 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून थांबू नका. एक वही घ्या. मूल कशाने चिडते, कशाने शांत होते, काय पुन्हा पुन्हा करते, काय हवे ते कसे सांगते, हे तारीख घालून लिहा. आईला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या बहिणीने लिहावे. डॉक्टरांना त्या वहीचा मोठा उपयोग होतो.

आधी कानांची तपासणी करून घ्या. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मूल दाखवा, आशाताईला सांगा. तिथून जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीमध्ये, पाठवण्याची सोय आहे. निदान व्हायची वाट न बघता घरी सुरुवात करा. लहान वाक्ये बोला. पाणी, भाकरी, संडास यांची चित्रे भिंतीवर लावा आणि त्याला बोट करू द्या. दिवसाचा क्रम शक्यतो एकच ठेवा.

ऑटिझम हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नोंदलेले अपंगत्व आहे. ते किती आहे हे ४० मुद्द्यांच्या भारतीय मापनपद्धतीने ठरते. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो. 'आमच्याकडे अशी मुले घेत नाही' असे शाळेने म्हटले तर लेखी मागा, आणि कार्यकर्त्यांना घेऊन पुन्हा जा.

शेवटी आपल्या शिकणाऱ्या पोरापोरींना एक सांगणे. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीवर आपली मुले आज पीएच.डी. करत आहेत. त्यातल्या एखादीने हा विषय घ्यावा. मराठी बोलणाऱ्या, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांत वाढणाऱ्या ऑटिझमच्या मुलाचे डोके कसे काम करते, हे तिने त्याच्यासमोर बसून पाहावे. लंडनच्या मुलांवरून सगळे ठरवायचे दिवस संपायला हवेत.

आणि ती झाकणे लावणाऱ्या मुलाची आई. बऱ्याच वर्षांनी आम्ही तिला शोधून काढले आणि म्हणालो, "ताई, तेव्हा आम्ही चुकीचं सांगितलं. तुझा काही दोष नव्हता." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सिस्टर, हे माझ्या घरच्यांना येऊन सांगाल का?"

आम्ही गेलो. तुमच्या शेजारी अशी आई असेल तर तुम्हीही जा. जय भीम.